२२ जणांना घेऊन म्युझियम बघायला जायचंय. गाइड घ्यावा की नको?

तलावपाळी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचा नौपाड्यात एक वाचनकट्टा आहे. दर दुसऱ्या शनिवारी कोणाच्या तरी घरी जमतो, पुस्तकावर बोलतो, मग पुस्तक मागे पडतं आणि पोहे पुढे येतात. एकूण २२ जण. सगळ्यात लहान ४२ वर्षांची, सगळ्यात मोठ्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या आजी, ७८.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मोठ्या हौसेनं एक कलासंग्रहालय बघायला गेलो होतो. कुठलं ते लिहीत नाही, कारण खापर एकट्या त्यांच्यावर फोडण्यासारखं नव्हतं. माणशी वर्गणी काढून गाइड ठरवला. गृहस्थ हुशार, पाठांतर दांडगं. पहिल्या दालनात दहा मिनिटं दिली, दुसऱ्यात आठ, आणि मग जी गाडी सुटली ती कर्जत फास्टच. सनावळ्या, घराणी, शैली, पुन्हा सनावळ्या. पुढचे चौघे ऐकत होते, मागचे अठरा जण त्या चौघांच्या पाठी बघत होते. दोन तासांत तेरा दालनं. सातव्या दालनात आजींनी बाक धरला. त्यांच्या शेजारी एक जण टेकली, मग दुसरी, आणि बाकावर कुरडयांच्या चिकाचा विषय निघाला. त्या दिवशी सगळ्यांनी कान देऊन ऐकलेली गोष्ट तेवढी एकच.

खरं लागलं ते पुढेच. परतीच्या गाडीत आमच्यातले एक काका म्हणाले, "मला चित्रातलं काही कळत नाही असा संशय होता, आज खात्री झाली." म्हणजे पदरचे पैसे खर्चून आम्ही त्यांना हे शिकवून आणलं!

आता पुन्हा जायचं म्हणतेय. म्युझियम मुंबईतलंच, कारण ठाण्यात प्रदर्शनं लागतात पण जुना संग्रह असलेलं मोठं म्युझियम नाही. गाइड घ्यावा का? घेतला तर त्याला काय सांगायचं? गुडघ्यांचं काय? आणि "मला कळत नाही" म्हणणाऱ्या माणसाला कुठल्या चित्रापुढे उभं करायचं? ज्यांनी माणसं नेली आहेत त्यांनी सांगा. ज्यांनी फक्त रील पाहिलेत त्यांनीही सांगा, पण नंतर.

---

ऐरोली_नाका

ताई, राग मानू नका, पण एवढा आटापिटा कशाला? सगळी म्युझियमं आता ऑनलाइन आहेत. टीव्हीला मोबाइल जोडा, पोहे खात बघा. झूम करून ब्रशचा फटकारा दिसतो. रांग नाही, गुडघे नाहीत, मेगाब्लॉक नाही.

---

नेरुळचे_मास्तर

ताई, ३१ वर्षं नवी मुंबईच्या एका शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे या विषयात माझ्या अंगावर बरेच ओरखडे आहेत. तुमचा गाइड वाचताना मला मीच दिसलो.

माझी पहिली सहल १९९४ची. ८४ मुलं, दोन बस, तीन शिक्षक. मी रात्र जागून टिपणं काढली होती आणि म्युझियममध्ये ती सगळी मुलांच्या डोक्यावर ओतली. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काय काय पाहिलंत? एका मुलानं उभं राहून छताला किती पंखे होते ते सांगितलं. मोजलेन होते पठ्ठ्यानं. बाकीच्यांना डबा आठवत होता. मी खूप चिडलो. चिडणं उतरल्यावर लक्षात आलं की अख्ख्या सहलीत डोळे वापरलेला तो एकटाच होता.

पुढच्या वर्षापासून दालनं मोजणं सोडलं. दीड तासात चार वस्तू, फार तर पाच. बाकीच्यांवरून सरळ चालत जायचं, अपराधी वाटून न घेता. मंगल कार्यालयात शिरलो म्हणून सगळ्या पाहुण्यांशी बोलतो का आपण?

उदाहरण देतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मीरपूर खासची एक मूर्ती आहे. हातात कमळ धरलेला पुरुष, भक्त म्हणा. लेबल वाचायचं नाही असा माझा नियम. दोन मिनिटं घड्याळ लावून नुसतं बघायचं, बोलायचं नाही. दोन मिनिटं किती लांब असतात ते तिथे कळतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांचं "बघून झालेलं" असतं, मग कंटाळा येतो, आणि कंटाळ्याच्या पलीकडे दिसायला लागतं. एकदा कोपरखैरण्याची एक मुलगी म्हणाली, "सर, हा दगड नाहीये. हे विटेसारखं आहे." तिचे वडील गवंडी. मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, दगड फुटला की कड धारदार राहते, ही कड झडलीये. बरोबर होतं पोरीचं! ती मूर्ती भाजलेल्या मातीची.

आता सांगायची पाळी माझी, कारण आता मुलांना हवं होतं. मीरपूर खास सिंधमध्ये. नदीच्या गाळाचा सपाट मुलूख, घडवायला चांगला दगड जवळ नाही, म्हणून तिथला स्तूप विटांचा आणि मूर्ती मातीच्या. मूर्तीवर मूळ रंगाच्या खुणा अजून आहेत, म्हणजे ती अशी विटकरी दिसायची नव्हतीच. मग एकानं विचारलं, सिंधची मूर्ती मुंबईत कशी आली? तर १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. बघा, कलेतून भूगोल, भूगोलातून इतिहास, आणि सुरुवात कुठून? गवंड्याच्या मुलीपासून. हेच मी टिपणातून आधी सांगितलं असतं तर पंखेच मोजले गेले असते.

मुलांना विचारायचे प्रश्न तीनच. चित्रात काय चाललंय? असं कशावरून म्हणता? आणखी काय दिसतंय? ही युक्ती माझी नाही. ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनवाइन या दोन अमेरिकनांनी ती बसवली, तिकडच्या म्युझियममध्ये आणि शाळांत चालते, मी एका कार्यशाळेत उचलली. जीव मधल्या प्रश्नात आहे. "कशावरून?" म्हटलं की माणूस पुन्हा चित्राकडे वळतो. तुमच्या काकांना कुठल्या चित्रापुढे उभं करायचं याची काळजी करू नका, कुठल्याही करा. फक्त "आवडलं का?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला माणूस घाबरतो.

बाकी व्यवहाराचं. २२ जण एका वेळी नेऊ नका. दहा-बारांच्या वर गेलं की मागची रांग पाठीच बघते, तुम्ही लिहिलंच आहे. दोन खेपा करा. चहा आधी पाजा, नंतर नाही. घडीची हलकी स्टुलं मिळतात, ती आत नेता येतील का ते फोनवर विचारून ठेवा. रविवार नको, मेगाब्लॉकनं आम्हा हार्बरवाल्यांचे जे हाल होतात ते मी आता लिहीत बसत नाही. ठाण्याहून साडेदहानंतरची गाडी धरा, आणि परतताना चारच्या आसपास सीएसएमटीला या. गाडी तिथूनच सुटते, सगळ्यांना बसायला मिळतं. आजींचा दिवस कसा गेला हे शेवटी या परतीच्या सीटवरच ठरतं.

आणि आत शिरायची घाई करू नका. बागेत उभं राहून आधी इमारत बघा. जॉर्ज विटेटची. पायाभरणी १९०५ची, बांधून १९१४ला झाली, पण महायुद्धात तिथे लष्करी दवाखाना होता, म्हणून लोकांसाठी उघडायला १९२२ उजाडलं. दगड कुठला माहितीये? करडा तो कुर्ल्याचा, पिवळसर तो मालाडचा. म्हणजे सकाळी गाडीतून जे कुर्ला मागे टाकून आलात, ते तुमच्या आधीच येऊन तिथे उभं आहे.

@ऐरोली_नाका, फोनवर सगळं एकाच मापाचं होतं राव. तळहाताएवढं लघुचित्र आणि चित्रकार गायतोंड्यांचं माणसापेक्षा उंच चित्र, दोन्ही सहा इंची. चित्र केवढं आहे आणि त्याच्यापुढे आपण केवढे आहोत, ही अर्धी गोष्ट तिथेच गळून पडते. बाकी झूमचं तुमचं म्हणणं मान्य. घरी आल्यावर करा ना झूम.

---

पारसिक_बोगदा

कळव्याहून. मी दोन वर्षं सुटीच्या दिवशी एका कलासंग्रहालयात स्वयंसेवक म्हणून गट फिरवलेत, म्हणून गाइडलोकांचीही बाजू मांडते. म्हणजे वकीलपत्र नाही, पण थोडं ऐका.

गट ४५ जणांचा येतो. तासाभरानं त्यांना दुसरीकडे जायचं असतं, खाली बस उभी असते. संयोजकांचा पहिला प्रश्न असतो, "सगळं कव्हर होईल ना?" एखादं दालन सोडलं तर पैसे वाया गेल्यासारखा चेहरा करतात. तळमजल्यावर रेंगाळल्याबद्दल माझी एकदा लेखी तक्रार झालीये. गाइड पळतो, कारण त्याला पळायला सांगितलेलं असतं. तलावपाळीताई, आधी फोन करून स्पष्ट सांगा: आम्हाला पाचच वस्तू दाखवा, तुमच्या आवडीच्या. "तुमच्या आवडीच्या" हे नक्की म्हणा. पाठ केलेलं बोलणं आणि आवडीचं बोलणं यातला फरक पाचव्या वाक्याला कळतो.

दमणुकीबद्दल. ही काही तुमच्या आजींची एकट्याची तक्रार नाही. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ मध्ये 'म्युझियम थकवा' या विषयावर लेखच लिहिला. एका माणसाला वस्तू आणि लेबलं बघायला लावून त्याचे फोटो काढले. काचपेटीवर ओणवा झालेला, मान वाकडी केलेला, खाली बसून डोकावणारा. म्हणजे दोष बघणाऱ्याच्या कंबरेत नव्हता, पेट्या चुकीच्या उंचीवर होत्या. गटासोबत फिरून बोलणारे माणूस नेमायची पद्धतही त्याच संग्रहालयात त्या आधीच्या दशकात सुरू झाली. शंभर वर्षं उलटली, लेबल वाचायला वाकणं काही संपलेलं नाही.

मास्तर, तुमचं बहुतेक पटलं, पण "लेबल वाचायचं नाही" इथे मी अडते. भाजलेली माती डोळ्यांना कळते, मान्य. लघुचित्रांचं काय? रागमालेतलं, म्हणजे राग-रागिण्यांना माणसाचं रूप देणाऱ्या चित्रमालेतलं, चित्र घ्या. रानात एक बाई हातात वीणा घेऊन उभी आहे, भोवती हरणं. दोन मिनिटं काय, दोन तास बघा, ती तोडी रागिणी आहे हे नुसतं बघून कळणार नाही. कोणीतरी सांगावंच लागतं. आणि सांगितलं की चित्र बंद होत नाही, उलट उघडतं. वाचनकट्ट्यात गाणं शिकलेलं कोणी असेल तर तिला विचारा, तोडी ऐकून हरणं का थांबतील? तिथून पुढे गाइडनं गप्प बसावं.

तसंच अन्वार-इ-सुहैली. अकबराच्या चित्रशाळेतली सचित्र पोथी, शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे. नाव ऐकून माणसं बिचकतात. पण आत काय? आपलं पंचतंत्रच, फारसीचा अंगरखा घातलेलं. हे एक वाक्य कोणी सांगितलं नाही तर आपल्याच घरातल्या गोष्टीपुढून आपण परक्यासारखे निघून जातो.

एक सूचना फक्त ज्येष्ठांसाठी. लघुचित्रांच्या दालनात बाहेरच्या उन्हातून थेट शिरू नका. कागदावरचे रंग उडू नयेत म्हणून तिथे प्रकाश मुद्दाम मंद ठेवतात, साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). वय वाढलं की डोळ्यांना सरावायला जास्त वेळ लागतो. आधी शिल्पं करा, मग चित्रं. भिंग न्या, वाण्याकडचं प्लास्टिकचंही चालेल. बसोली या पहाडी शैलीच्या काही चित्रांत दागिन्यातल्या पाचूच्या जागी भुंग्याच्या पंखाचा चकचकीत तुकडा चिकटवलेला असतो. असं चित्र भेटलं तर समोरून नाही, किंचित बाजूला सरकून बघा, चमक तेव्हा पकडते.

---

नेरुळचे_मास्तर

@पारसिक_बोगदा, तोडीचं मान्य. शाळेतल्या मुलांना मी रागमाला कधी दाखवलीच नाही, कारण मलाच गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. हे आता लिहिताना उमगतंय. म्हणजे मीही माझ्यापुरतं "मला कळत नाही" म्हणून ते दालन टाळत होतो. नियम असा करू: लेबल दोन मिनिटांनंतर.

---

घारापुरीची_लाँच

उरणकर, सध्या मुक्काम बेलापूर. मी भायखळ्याची बाजू घेते, कारण सगळे फोर्टमध्येच अडकलेत. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, राणीच्या बागेत, १८७२ला उघडलेलं. ठाण्याहून फास्ट लोकल भायखळ्याला थांबते, पूर्वेला उतरून चालत जाता येतं. इमारत आटोपशीर, त्यामुळे "सगळं बघून झालं पाहिजे" हा हट्ट धरणारेही निभतात. मुंबईतल्या जातीजमातींचे, धंद्यांचे मातीचे छोटे पुतळे आहेत, त्यांच्या पगड्या बघण्यातच बायकांचा अर्धा तास जातो. पुरुषांचाही जातो, ते कबूल करत नाहीत. बुधवारी बंद.

आणि बाहेर आमचा दगडी हत्ती! घारापुरीचा. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं तो हाच. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलला, साखळी तुटली, हत्ती पडून फुटला. तुकडे मुंबईत आणले, १९१४ मध्ये जोडून उभा केला. सांधे दिसतात, शोधायला लावा. लहानपणी आजोबा म्हणायचे, जायचं नव्हतं म्हणून पडला तो.

@तलावपाळी, रीगल सिनेमासमोरची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट कोणी सुचवेल. जागा सुंदर आहे, जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये अर्धगोल मजले एकावर एक चढत जातात, पण आजींसाठी जिन्यांची आधी चौकशी करा. सोमवारी बंद.

---

तलावपाळी

धागा वर काढतेय. जाऊन आलो!

पहिली खेप अकरा जणांची, शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मंगळवारी. गाइडताईंना फोनवर "पाच वस्तू, तुमच्या आवडीच्या" म्हटलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "बारांतून पाच निवडायला मला आजची रात्र द्या."

तोडी मिळाली नाही. कागदावरची चित्रं आलटून पालटून लावतात म्हणे, त्या दिवशी ती भिंतीवर नव्हती. आमच्या गाणाऱ्या वहिनी दोन दिवस तोडीचं गुणगुणत होत्या, त्यांचा चेहरा उतरला. मग गाइडताईंनी आम्हाला एका पावसाच्या चित्रापुढे थांबवलं. गच्चीत बाई, काळा ढग, सोनेरी रेघेची वीज. दोन मिनिटं चिडीचूप. मला तर हसूच फुटायला आलं, शाळेत प्रार्थनेला येतं तसं. नंतर आजी भिंग डोळ्याला लावून म्हणाल्या, "ढगात बगळे आहेत." आम्हाला ते पांढरे ठिपके म्हणजे रंग उडालाय असं वाटत होतं. "कशावरून?" असं विचारलं (मास्तर, मी विचारलं!). तर म्हणाल्या, "रांग वाकडी आहे बघ. रंग उडाला तर असा ओळीनं उडेल का?" मोजले, अकरा. गाइडताई म्हणाल्या, हे चित्र त्यांनी शंभरदा दाखवलंय, बगळे कधी मोजले नव्हते. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्या एका चित्रापाशी पंचवीस मिनिटं गेली. त्यामुळे पाचऐवजी चारच वस्तू झाल्या.

मास्तर, तुमच्या मीरपूर खासच्या मूर्तीपुढे आमच्यातल्या कोणालाही वीट ओळखता आली नाही. सगळ्यांनी छातीठोकपणे दगड सांगितला. एकानं तर कुर्ल्याचा.

आणि "कळत नाही"वाले काका? काही चमत्कार वगैरे झाला नाही. शिल्पांपाशी ते बराच वेळ गप्प होते. सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाच्या तुकड्यापाशी मात्र हटेनात. त्यांचं आजोळ वसईकडचं. "हे आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलं," असं तीनदा म्हणाले. ब्राह्मीतलं एक अक्षर आपल्या 'क'च्या फुलीसारखं आहे हे त्यांनी स्वतः शोधलं, आणि गाइडताईंनी तो खरंच 'क'च आहे म्हटल्यावर परतीच्या गाडीत मुलुंड येईपर्यंत बोटानं खिडकीवर फुल्या काढत होते. चित्रांबद्दल विचारलं तर म्हणाले, "अजून कळत नाही. पण अक्षरं कळतात." ठीक आहे, चालेल.

चूक एक झाली. चहा आधी पाजायला विसरले. बारा वाजता अर्ध्या जणी कासावीस.

राहिलेले अकरा जण पुढच्या महिन्यात, ते भायखळा म्हणतायत, बुधवार सोडून. पहिले अकरा म्हणतात आम्हीही येणार. म्हणजे पुन्हा २२! मास्तर, यावर काही उपाय? आणि ती स्टुलं कुठून घेतलीत ते सांगा. मी आणलेल्यातलं एक आजींखाली करकरलं, सगळं दालन वळून बघत होतं.

---

नेरुळचे_मास्तर

अकरा बगळ्यांबद्दल आजींना माझा नमस्कार सांगा.

स्टुलं कॅनव्हासची घ्या, तीन पायांची, प्लास्टिकची नकोत. गळ टाकायला जाणारे लोक वापरतात ती. मासेमारीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात.

२२ जणांवर उपाय आहे. अकरा आत, अकरा हत्तीचे सांधे मोजायला. मग अदलाबदल. बाहेरच्या गटासाठी माणूस कमी पडत असेल तर मी नेरुळहून कुर्ल्याला गाडी बदलून येतो, तेवढं एक दिवस आधी कळवा.